तीन महिने मागे मोज

केस कधीच त्याच दिवशी गळत नाहीत.
नारिनच्या बाजारामागं, बूट शिवणाऱ्याच्या टपरीला लागून
माझं दोन खुर्च्यांचं दुकान,
आणि एकवीस वर्षं मी हेच सांगतेय:
कंगव्यात आलेला पुंजका
आजचा नाही, बाई.
तीन महिने मागे मोज.

बायका एकेक बोट मिटत मोजतात.
ताप आला होता, नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा.
सासू गेली.
जुळं झालं.
कुणी म्हणते, काहीच नाही,
आणि कात्री अर्ध्यावर असताना म्हणते,
हां, नवरा गेला. पण मेला नाही तो, नुसता गेला.
चालतं तेही. मुळांना फरक कळत नाही.

गुलबारच्या भुवयांची टोकं पुसट झालेली,
जूनमध्ये अंगात लोकरीचा स्वेटर,
आवाज असा, की घशात ओलं पोतं अडकलंय.
मी केसांच्या आधी तिच्या गळ्याला हात लावला.
घरात मीठ कुठलं?
कोचकोरचं, म्हणाली, गुलाबी, खाणीतलं, अस्सल.
आजोबा तेच खायचे.
आजोबांचा गळा आठव, मी म्हटलं.
ती आठवत बसली.

सैराकान आपा दिवसाला चौदा पेले चहा पिते,
जेवणाआधी, जेवताना, जेवणावर.
तिच्या मते मटण खाल्लं की झालं रक्त.
आपा, तुझा चहा दारातच उभा असतो,
लोहाला आत येऊ देत नाही.
ती हसली, आणखी एक पेला ओतला, मलाही दिला.
प्याले मी. काय करणार.

परवा जिपार आली, आईबरोबर.
मॉस्कोहून, दोन वर्षांनी.
गोदामात रात्रपाळी, पाव आणि चहा आणि पाव.
आई बाकावरून बोलत राहिली:
तिथलं पाणीच वाईट,
शिवाय कुणाची नजर, तुला सांगते बुरुल,
कमरेखाली वेणी होती माझ्या पोरीची,
शाळेच्या शेवटच्या दिवशी तूच घातलेलीस.

घातलेली. मनगटाएवढी.
आता धरली तर मूठ पुरती मिटते.
मी टाळू निरखली, भांगाभांगानं:
चट्टा नाही, खवले नाहीत,
सगळीकडून सारखंच विरळ.
फक्त कपाळाच्या कडेला
पेराएवढे नवे केस, ताठ, उभे.

तीन महिने मागे? मी आरशातल्या तिला विचारलं.
तिनं आरशातूनच आईकडे पाहिलं.
एक बोट मिटलं होतं, ते पुन्हा उघडलं.
काही नाही, म्हणाली.

पेराएवढे म्हणजे तीन नव्हेत, सहा.
असे केस बाळंतिणींच्या कपाळावर उगवतात,
कुठल्याही तेलानं बसत नाहीत,
आणि सगळ्याजणी त्यांना हसतात, मांडीवर पोर घेऊन.

मी ड्रायर लावला. मोठ्यावर.
कोरड्याच केसांवर.
त्या आवाजात चिठ्ठी लिहिली:
फेरिटिन, थायरॉइड, जस्त, जमलं तर ड जीवनसत्त्व.
खाली लिहिलं, दवाखान्यात एकटी जा.
आईला सांगितलं, लोह कमी पडलंय एजे,
कलेजी घाल खायला,
चहा जेवणानंतर तासाभरानं.
यात खोटं काहीच नव्हतं.

मग टोकं कापली, तिला हवी होती तेवढी.
कपाळाशी कात्री नेली नाही.
आई पैसे मोजत होती. जिपार कोटाची बटणं लावत
दारात थांबली.
वाढतील?
वाढायला लागलेत, मी म्हटलं,
आणि तिचा हात झटकन कपाळावर गेला,
टोपी खाली ओढायला.